गाव ते दिल्ली, कोणतं सरकार काय करते? नेहमी इचारले जाणारे प्रश्न

ग्रामसभेच्या आधी, बँकेच्या लायनीत, सेतूवर दाखल्यासाठी बसल्या बसल्या लोक जे इचारतात तेच प्रश्न इथं एका जागी लिहून ठेवलेत, त्यात एमपीएससीवाल्या पोरांचेही दोनचार घातलेत. कलमाचा आकडा लागतो तिथंच टाकला, उगाच पानभर आकडे लिहिले की वाचणारा तिसऱ्या ओळीवरच मोबाईल ठेवून देते.

संघराज्य म्हंजे काय, साध्या भाषेत सांगा ना भाऊ.

एकाच जमिनीवर, एकाच माणसावर दोन सरकारं एकाच वेळी चालतात, अन् दोघांनाही अधिकार राज्यघटनेतून थेट मिळालेले असतात, एकानं दुसऱ्याला दिलेले नसतात, एवढंच. लोकांचा घोळ इथंच होतो. त्यांना वाटते दिल्ली मालक, मुंबई तिचा सालदार अन् गाव त्या सालदाराचा गडी. तसं नाही. केंद्र अन् राज्य हे हिस्सेवाटणी झालेल्या भावांसारखे आहेत, मोठ्या भावाच्या वाट्याला जास्त आलं हे खरं, पण धाकट्याचा हिस्सा काही मोठ्याच्या मेहेरबानीवर नाही, वाटणीपत्रात लिहून आहे.

हे वाटणीपत्र म्हंजे राज्यघटना. २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारली, २६ जानेवारी १९५० पासून लागू. मसुदा समितीत सात जण, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आपल्या विदर्भातले पंजाबराव देशमुख, अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, हेही संविधान सभेत होते, हे पोरांना सांगितलं की त्यांचे कान टवकारतात म्हणून सांगून ठेवतो.

मंग राज्याला वाटलं तर ते भारतातून निघू शकते का?

नाही. पहिल्याच कलमात लिहून ठेवलं की भारत हा राज्यांचा संघ राहील, अन् बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्याचा अर्थही सभेत सांगून टाकला, की हा संघ राज्यांनी आपसात करार करून बनवलेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला फुटून जायचा हक्क नाही. अमेरिकेत उलटं झालं, तिथं तेरा राज्यं आधी होती, त्यातल्या बारांची माणसं १७८७ मधे फिलाडेल्फियाला बसली अन् त्यातून वरचं सरकार निघालं. आपल्याकडं आधी इंग्रजांचं एक मोठं सरकार होतं, त्यानं १९३५ च्या कायद्यात प्रांतांना अधिकार वाटून दिले अन् तोच सांगाडा बराचसा पुढं आला. म्हणून आपलं केंद्र जड आहे. त्यात फाळणीचे दंगे डोळ्यासमोर, संस्थानं विलीन करायची बाकी, अशा वेळी ढिलं केंद्र ठेवायची हिंमत कोण करणार होतं?

कोणतं काम कोणाकडं हे लिहून कुठं ठेवलं?

सातव्या अनुसूचीत. तीन याद्या आहेत. केंद्राची यादी, राज्याची यादी अन् तिसरी समवर्ती यादी, जिच्यात दोघंही कायदा करू शकतात. घटना लागू झाली तेव्हा केंद्राच्या यादीत ९७, राज्याच्या ६६ अन् समवर्तीत ४७ नोंदी होत्या, नंतर काही इकडच्या तिकडं झाल्या. सैन्य, रेल्वे, पोस्ट, चलनी नोटा, परदेशाशी व्यवहार, कस्टम हे दिल्लीचं. पोलिस, शेती, जमीन, पाणी, दवाखाने, दारू, ग्रामपंचायत हे राज्याचं. शिक्षण, जंगल, वीज, लग्न-घटस्फोटाचे कायदे समवर्ती. अन् जे कोणत्याच यादीत नाही ते आपोआप दिल्लीकडं जाते (कलम २४८). समवर्तीत दोघांचे कायदे एकमेकाला आडवे आले तर केंद्राचा चालते, राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी आधीच मिळाली असन तर गोष्ट वेगळी.

शेती राज्याची म्हनता, मंग कापसाच्या भावासाठी दिल्लीकडं काऊन पाहा लागते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो अन् याचं उत्तर लांबच आहे, बसा निवांत.

कापूस जमिनीतून निघून विकेपर्यंत किती सरकारांच्या हातातून जातो ते पाहा. जमीन राज्याची बाब, म्हणून सातबारा राज्याचा. कृषी केंद्रवाल्याचं लायसन राज्याचं कृषी खातं देते, पण कोणतं बीटी वाण चालन नाही चालन त्याची मंजुरी केंद्राची, अन् बीटी बियाण्याच्या पाकिटाची कमाल किंमतही आता केंद्रच ठरवते. खताची सबसिडी केंद्राची. मोटारपंपाची लाईन महावितरणची, म्हंजे राज्याच्या कंपनीची, पण वीज हा विषय समवर्ती. कर्ज घ्यायला बँकेत गेले तर बँकिंग केंद्राचं, जिल्हा सहकारी बँकेत गेले तर सहकार राज्याचं अन् वरून रिझर्व्ह बँकेचे नियम. हमीभाव केंद्र जाहीर करते, कृषिमूल्य आयोगाच्या शिफारशीवरून. खरेदी सीसीआय, म्हंजे भारतीय कापूस महामंडळ करते, ते केंद्राचं. पण खरेदी होते ज्या बाजार समितीच्या आवारात ती १९६३ च्या राज्याच्या कायद्यानं चालते, सभापती आपल्याच तालुक्यातला. अन् बाहेरच्या देशातून कापूस आला, त्यावरचं आयात शुल्क कमी केलं की वाढवलं, हे शंभर टक्के दिल्लीचं, राज्याचं सरकार त्यात फक्त पत्र लिहू शकते.

मंग सांगा, भाव पडला तर मोर्चा कुठं न्यायचा? कलेक्टर हापिसावर नेला तर तो निवेदन घेते अन् वर पाठवते, त्याच्या हातात त्याच्यापलीकडं काही नाही.

जुन्या लोकांना आठवत असन, १९७२ पासून आपल्याकडं कापूस एकाधिकार खरेदी योजना होती, राज्य सरकारच सगळा कापूस घ्यायचं अन् खाजगी व्यापाऱ्याला विकायची बंदी. ती योजना राज्याच्या कायद्यावर उभी होती. म्हंजे राज्याला वाटलं तर राज्य एवढंही करू शकते. अन् अजून एक गंमत, समवर्ती यादीतली ३३ वी नोंद काढून पाहा, तिथं कच्चा कापूस, मंग तो रेचलेला (सरकी काढलेला) असो की नसो, अन् सरकी, असं नाव घेऊन लिहिलेलं आहे. याच ३३ व्या नोंदीचा आधार घेऊन केंद्रानं २०२० मधे शेतमालाच्या व्यापाराचे कायदे केले होते, त्यावर शेती तर राज्याचा विषय असं म्हणत मोठा वाद झाला, अन् २०२१ मधे ते कायदे मागं घेतले. दोन्ही बाजूला घटनेतलीच नोंद दाखवायला होती.

कर्जमाफी कोण करते मंग?

दोघंही करू शकतात अन् दोघांनीही केली. २००८ ची केंद्राची होती, २०१७ अन् २०१९ ची राज्याची. पैसा ज्याच्या तिजोरीतून जाते त्याची माफी.

पीएम किसान अन् नमो शेतकरी एकच हाय का?

नाही. पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार केंद्राचे, नमो शेतकरीचे राज्याचे. यादी एकच वापरतात म्हणून केवायसी अडकली की दोन्ही अडकतात, म्हणून लोकांना एकच वाटते.

पटवारी, ग्रामसेवक, ठाणेदार, कलेक्टर हे कोणाचे माणसं?

पटवारी (नवीन नाव ग्राम महसूल अधिकारी, पण पटवाऱ्याला पटवारीच म्हणतील लोक) राज्याच्या महसूल खात्याचा, त्याच्यावर मंडळ अधिकारी, तहसीलदार, एसडीओ (उपविभागीय अधिकारी), कलेक्टर. ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा, त्याच्यावर बीडीओ (गटविकास अधिकारी) अन् झेडपीचा सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी). या दोघांची लाईन वेगळी आहे हे ज्याला कळलं त्याचे अर्धे चकरा वाचल्या. फेरफार अडला म्हणून सरपंचाला शिव्या देऊन उपयोग नाही, त्याच्या हातात फेरफार नाहीच. अन् नालीसाठी तहसीलदाराला निवेदन द्यायचं तर देऊन पाहा, तो ते बीडीओकडं पाठवते अन् त्यात पंधरा दिवस जातात.

ठाणेदार राज्याच्या गृह खात्याचा. गडचिरोलीत सी-६० या नक्षलविरोधी पथकाचे जवान दिसतात ते राज्य पोलिसांचे, अन् त्यांच्यासोबत सीआरपीएफ दिसते ती केंद्राची.

कलेक्टर अन् एसपी हे मात्र मधातले. आयएएस, आयपीएस ही अखिल भारतीय सेवा (कलम ३१२), भरती यूपीएससी करते, नेमणूक राष्ट्रपतींच्या नावानं, पण काम राज्याच्या हाताखाली अन् बदली मुख्यमंत्र्याच्या सहीनं. राज्य त्याची बदली करू शकते, पण नोकरीतून कायमचं काढू शकत नाही. मुद्दामच असं ठेवलं, म्हंजे त्यानं कोणा एकाला फार भिऊ नये. प्रत्यक्षात किती भिते अन् किती नाही हे ज्याच्या त्याच्या हाडावर आहे.

दारूबंदी एका जिल्ह्यात हाय अन् बाजूच्यात नाई, हे कसं काय?

कारण दारू पूर्णपणे राज्याची बाब. दिल्लीला विचारायची गरजच नाही. घटनेच्या ४७ व्या कलमात शासनानं दारूबंदीकडं जावं असं मार्गदर्शन आहे, पण ते मार्गदर्शक तत्त्व, कोर्टात जाऊन बजावून घेता येत नाही. म्हणून वर्ध्यात गांधीजींच्या नावानं कितीतरी वर्षांपासून बंदी, गडचिरोलीत लोकांच्या आंदोलनानंतर १९९३ मधे झाली, चंद्रपुरात २०१५ मधे लावली अन् २०२१ मधे उठवली. लावणारंही राज्य अन् उठवणारंही राज्यच. दारूवरचा अबकारी कर ही राज्याची मोठी कमाई, पिण्याच्या दारूवर जीएसटी लागत नाही ते यामुळंच, राज्यांनी ती हातची सोडली नाही. आता बंदीचा फायदा झाला की चोरटी वाढली यावर आपल्या इकडं दोन माणसं एका मताची सापडणार नाहीत.

वाघानं माणूस मारला तर जबाबदार कोण? वाघ दिल्लीचा की मुंबईचा?

हसू नका, प्रश्न बरोबर आहे. आधी जंगल अन् जंगली जनावर दोन्ही राज्याच्या यादीत होते. १९७२ चा वन्यजीव कायदा संसदेनं केला खरा, पण त्यासाठी काही राज्यांच्या विधानसभांनी ठराव करून आमच्यासाठी तुम्ही कायदा करा असं सांगावं लागलं होतं. मंग १९७६ ची ४२ वी घटनादुरुस्ती आली, आणीबाणीत, अन् जंगल, वन्यप्राणी, शिक्षण हे विषय उचलून समवर्ती यादीत टाकले. त्यानंतर १९८० चा वनसंवर्धन कायदा, अन् आता जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला, रस्त्याला की खाणीला, वापरायची तर केंद्राची परवानगी लागते. गडचिरोलीतले कितीतरी रस्ते अन् सिंचनाचे तलाव या एका परवानगीसाठी वर्षानुवर्ष अडले, अन् त्याच परवानगीमुळं कितीतरी झाडंही उभी राहिली, दोन्ही खरं.

वाघाबद्दल बोलायचं तर कायदा केंद्राचा, जंगल सांभाळणारं वनखातं राज्याचं. माणसाला धोका झालेल्या वाघाला पकडायचा की मारायचा हा हुकूम राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक काढू शकते, गावचा रेंजर नाही. नुकसान भरपाई राज्य देते, मंग वाघानं ढोर मारलं असो की रोही (नीलगाय) अन् रानडुकरांनी पीक खाल्लं असो, त्यामुळं तो अर्ज वनखात्यात द्यायचा, कृषी खात्यात नाही, पीक विम्याचं प्रकरण वेगळं.

ग्रामपंचायत हे तिसरं सरकार हाय ना मंग?

अर्धं उत्तर हो, अर्धं नाही. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली, तिच्यानं पंचायतीला घटनेत जागा मिळाली. दर पाच वर्षांनी निवडणूक, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, महिलांना अन् अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा, ग्रामसभा, हे सगळं आता घटनेनं बांधलेलं आहे, कोणत्याही सरकारला वाटलं म्हणून पंचायती गुंडाळून ठेवता येत नाहीत (निवडणुका लांबवून प्रशासक बसवायचा प्रकार होतो, तो भाग वेगळा, त्यावर कोर्टात भांडणं चालतात). महाराष्ट्रात महिलांना निम्म्या जागा.

पण अधिकाराचं काय? अकराव्या अनुसूचीत २९ विषय लिहून आहेत, पिण्याच्या पाण्यापासून प्राथमिक शाळेपर्यंत, पण कलम २४३-जी मधे असं आहे की राज्याचं विधिमंडळ हे अधिकार पंचायतीला देऊ शकते. देऊ शकते! द्यायलाच पाहिजे असं नाही लिहिलं. म्हंजे राज्याचा हिस्सा घटनेतून थेट आला, गावाचा हिस्सा राज्याच्या हातून येते, अन् देणारा हात थोडा आखडलेला असते. दिल्लीनं राज्याचे अधिकार खाल्ले म्हणून मुंबईत जोरजोरात बोलणारे लोक पंचायतीचे अधिकार सोडायची वेळ आली की गप बसतात, हे माझं मत, कोणाला नाही पटलं तरी चालन.

जिल्हा परिषदा आपल्याकडं १९६२ पासून, वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून झाल्या, हे नाईक म्हंजे आपले पुसदचेच, पुढं मुख्यमंत्री झाले. म्हणून पंचायत राज आपल्याला ७३ व्या दुरुस्तीनं शिकवलं असं नाही.

बाबासाहेब खेड्यांच्या इरोधात होते म्हनतात, खरं काय?

भाषण वाचून बोललेलं बरं. ज्यांनी गाव हाच घटनेचा पाया करा असा आग्रह धरला, त्यांना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ लाच रोखठोक उत्तर दिलं, की खेडं म्हंजे संकुचितपणाचं डबकं अन् अज्ञान, जातीयता यांची गुहा आहे, अन् घटनेनं गाव नाही तर माणूस हा पाया धरला याचा आपल्याला आनंद आहे. ज्याच्या आजोबाला गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नाही त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. इकडं सेवाग्रामात बसून गांधीजींनी ग्रामस्वराज्याचा विचार मांडलेला, तोही आपल्याच विदर्भातून गेला. शेवटी ४० वं कलम घातलं, की शासनानं ग्रामपंचायती उभ्या कराव्या, पण मार्गदर्शक तत्त्वात. ते कलम कागदावरून खाली उतरायला १९९३ उजाडलं. अन् उतरलं तेव्हा राखीव जागा घेऊनच उतरलं, म्हंजे दोघांचंही थोडं थोडं ऐकलं म्हणा.

मेंढा लेखाचं नाव सगळेच घेतात, तिथं वेगळं काय झालं?

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं गोंड लोकांचं छोटं गाव, त्यांची घोषणा सगळ्या देशात गेली, दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. एका वाक्यात पूर्ण संघराज्य आलं बघा त्यात. त्यांनी दिल्लीचं सरकार नाकारलं नाही, आमचंच आहे म्हणाले, फक्त गावचं गावात ठेवलं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मधे त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला अन् पुढं ग्रामसभेनं स्वतः बांबू विकला. कायदा केंद्राचा, दावा मंजूर केला जिल्ह्याच्या समितीनं, वापरला गावानं.

अनुसूचित क्षेत्रात, गडचिरोली अन् मेळघाटच्या भागात, पेसा कायदा, म्हंजे आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा, १९९६ पासून लागू आहे, महाराष्ट्राचे नियम मात्र २०१४ मधे आले, अठरा वर्षांनी. त्या गावांमधे ग्रामसभेचा अधिकार इतर गावांपेक्षा मोठा, तेंदूपानं अन् बांबू हे त्यातलंच.

ग्रामसभेला लोकंच येत नाई, मंग तिचा काय फायदा?

कोरम, म्हंजे सभा चालायला लागणारी हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी ते. शंभर माणसं लग्नाच्या पंगतीला दहा मिनटात जमतात. एवढंच बोलतो.

आपला टॅक्सचा पैसा वर जाते तो वापस कसा येते?

तुम्ही युरियाची गोणी घेतली, साबण घेतला, मोबाईलमधे रिचार्ज मारला की जीएसटी गेला. तो १ जुलै २०१७ पासून, १०१ व्या घटनादुरुस्तीनं. अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा. दर ठरवते जीएसटी परिषद, तिच्यात केंद्राचं वजन एक तृतीयांश अन् सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, अन् ठरावाला तीन चतुर्थांश पाहिजे, म्हंजे गणित केलं तर कळते की केंद्राला डावलून राज्यं काही करू शकत नाहीत अन् राज्यांना डावलून केंद्रही नाही. पेट्रोल डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर केंद्राची एक्साईज अन् राज्याचा व्हॅट, म्हणून एका राज्याची हद्द ओलांडली की पंपावरचा भाव बदलते.

इन्कम टॅक्स अन् केंद्राचे बाकी कर दिल्लीत जमा होतात, ते वाटून द्यायला दर पाच वर्षांनी वित्त आयोग बसते (कलम २८०). पंधराव्या आयोगानं, २०२१ ते २०२६ साठी, वाटायच्या रकमेचे ४१ टक्के राज्यांना द्या म्हणून सांगितलं, त्यातला महाराष्ट्राचा वाटा सहा टक्क्यांच्या थोडा वर. आपण भरतो जास्त अन् मिळते कमी अशी ओरड मुंबईकडून नेहमी होते, कारण वाटणीत सगळ्यात मोठा भार गरीब राज्यांना दिला जाते, पंधराव्या आयोगात ४५ टक्के वजन त्यालाच होतं. पण राजेहो, हेच गणित मुंबई अन् विदर्भामधे लावून पाहा, मंग आपली बाजू लगेच बदलते. जंगलालाही त्या सूत्रात १० टक्के वजन होतं. अन् एक पेच असा की सेस (उपकर) अन् सरचार्ज (अधिभार) नावानं केंद्र जे घेते ते वाटायच्या रकमेत येतच नाही, म्हणून राज्यं त्यावर चिडून असतात.

गावात ज्याला पंधरावा वित्त म्हणतात तो निधी याच आयोगाच्या शिफारशीचा. पैसा केंद्राचा, यायचा राज्यातून, २०२१ ते २०२६ मधे त्यातला ८० टक्के ग्रामपंचायतीला, दहा-दहा पंचायत समिती अन् झेडपीला होता. त्यातही ६० टक्के पाणी अन् स्वच्छतेसाठी बांधलेला होता, म्हणून सरपंच म्हणायचा ना की मॅडम, रस्त्याले पैसा नाई पण टाकीले हाय, तो खोटं बोलत नसायचा.

राज्यपालाचं काम काय? अन् राष्ट्रपती राजवट कवा लागते?

राज्यपाल राष्ट्रपती नेमतात, म्हंजे केंद्राच्या सल्ल्यानं. निवडून आलेल्या राज्य सरकारच्या डोक्यावर दिल्लीनं नेमलेला माणूस, हे संघराज्यातलं दुखणं सुरुवातीपासून आहे. राज्याचा कारभार घटनेप्रमाणं चालत नाही असं ठरलं तर कलम ३५६ नं राष्ट्रपती राजवट. महाराष्ट्रात तीनदा लागली, १९८०, २०१४ अन् २०१९. पूर्वी हे हत्यार सर्रास वापरायचे, १९९४ मधे बोम्मई खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं की बहुमत आहे की नाही ते राजभवनात नाही, सभागृहात मोजा. त्यानंतर वापर बराच कमी झाला.

वेगळा विदर्भ मागायचा तर मुंबईची परवानगी लागते का?

लागत नाही. कलम ३ वाचा. नवीन राज्य करायचा, हद्द बदलायचा अधिकार संसदेचा, तोही साध्या बहुमतानं. राष्ट्रपती ते विधेयक त्या राज्याच्या विधिमंडळाकडं मत मागायला पाठवतात, मत मागतात पण ते पाळायचं बंधन नाही. तेलंगणाच्या वेळी आंध्रच्या विधानसभेनं जानेवारी २०१४ मधे विधेयक फेटाळून लावलं होतं, तरी संसदेनं केलंच, २ जून २०१४ ला राज्य झालं. अमेरिकेत हे चालत नाही, तिथं राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीशिवाय त्याचा तुकडा पाडता येत नाही. आपल्या घटनेत देश फुटत नाही पण राज्य फुटू शकते.

आता आपला इतिहास. नागपूर ही १९५६ पर्यंत राजधानी होती, मध्य प्रांत अन् वऱ्हाडची, नंतरच्या जुन्या मध्य प्रदेशाची. हायकोर्टही होतं, १९३६ चं. २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला, त्यात नोकऱ्यांत, पैशात वाटा अन् दरवर्षी नागपुरात एक अधिवेशन असं ठरलं. १९५५ मधे फाजल अली आयोगानं, म्हंजे राज्य पुनर्रचना आयोगानं, वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, तरी १ नोव्हेंबर १९५६ ला आपल्याला द्विभाषिक मुंबई राज्यात घातलं अन् १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. हिवाळी अधिवेशन त्या कराराचंच शिल्लक. डिसेंबरात दोनेक आठवडे सगळं मंत्रालय बोरं-संत्री खायला येते अन् मोर्चे काढायला आपण जातो.

संसदेत लोकसभेचे विदर्भाचे दहा खासदार, महाराष्ट्राचे ४८, पूर्ण सभागृह ५४३. कलम ३ ला परवानगी लागत नाही पण दहाचे २७२ कुठून करायचे, खरी अडचण ती आहे, घटनेची नाही.

अनुशेष (विकासात मागं राहिलेला हिस्सा), विकास मंडळ हे घटनेत हाय का खरंच?

आहे. कलम ३७१ चा दुसरा भाग. त्यात विदर्भ, मराठवाडा अन् उर्वरित महाराष्ट्रासाठी वेगळी विकास मंडळं अन् राज्यपालांवर विशेष जबाबदारी टाकायची सोय आहे, म्हंजे पैसा सारखा वाटला जातो का हे राज्यपालांनी पाहायचं. कलम १९५६ चं, दांडेकर समितीनं अनुशेष मोजला १९८४ मधे, मंडळ बसलं १९९४ मधे, अन् मुदत संपली ३० एप्रिल २०२० ला. या चार सालांच्या मधल्या फटी पाहा, मला वेगळं काही बोलायची गरज नाही.

नदी दोन राज्यातून वाहते तिचं पाणी कोणाचं?

पाणी राज्याचं, पण आंतरराज्य नदीचं भांडण सोडवायला कलम २६२ खाली केंद्र लवाद नेमते, गोदावरीचा असाच लवाद झाला. आपली वर्धा अन् वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला भेटते, तिथंच खाली तेलंगणानं मेडिगड्डा बंधारा बांधला. बांधणारं एक राज्य अन् वावर बुडते दुसऱ्या राज्यात, सिरोंच्याच्या शेतकऱ्याचं गाऱ्हाणं हेच. त्यानं मतदान महाराष्ट्रात केलेलं, तेलंगणाचं सरकार त्याला काही लागत नाही. अशा ठिकाणी आपल्या राज्य सरकारनं भांडणं हाच रस्ता, नाही तर कोर्ट.

सरकार मोठं बहुमत घेऊन आलं तर पूर्ण घटनाच बदलू शकते का?

घटना बदलायचा रस्ता कलम ३६८ मधे दिला आहे, दोन तृतीयांश मतं पाहिजेत, अन् केंद्र-राज्याच्या वाटणीला हात लावायचा, म्हंजे त्या तीन याद्या, राज्यांचं संसदेतलं प्रतिनिधित्व, हायकोर्ट वगैरे, तर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरीही पाहिजे. त्यावर २४ एप्रिल १९७३ चा केशवानंद भारती निकाल, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा, की दुरुस्ती करा पण मूळ चौकट मोडू नका. संघराज्य हे त्या चौकटीत येते हे बोम्मई खटल्यात पुन्हा सांगितलं. एका मतानं तरलेली गोष्ट आहे ही.

हे सगळं कळलं भाऊ, पण माह्या पांदण रस्त्याचं (वावरात जायच्या वाटेचं) गाऱ्हाणं नेऊ कुठं?

आधी रस्ता कोणाचा ते काढा. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा, राज्य मार्ग अन् प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम खात्याचा, ग्रामीण मार्ग अन् इतर जिल्हा मार्ग झेडपीचा, गावातली गल्ली ग्रामपंचायतीची. पांदणीवर अतिक्रमण असन तर तहसीलदार, गाव नकाशाची नक्कल घेऊन जायचं, भूमी अभिलेखच्या हापिसात मिळते. मुरूम टाकायचा असन तर ग्रामसभेचा ठराव.

अन् कोणाचं काम आहे हेच कळत नसन तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयाचा अर्ज टाका, दारिद्र्यरेषेखालच्याला तेही लागत नाही. २००५ च्या त्या कायद्याच्या कलम ६ च्या तिसऱ्या पोटकलमात लिहून आहे की अर्ज चुकीच्या हापिसात आला तर त्या हापिसानं तो पाच दिवसात बरोबर हापिसाकडं पाठवायचा अन् अर्जदाराला तसं कळवायचं. हे आमचं काम नाही, तिकडं जा, असं तोंडी सांगून पाठवून दिलं तर तेवढंच त्यांना कागदावर लिहून मागा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय हापिसातून उठू नका.